घोडीची ओटी

५ जून २००३. सकाळी सहा वाजता मी कापड कापायची मोठी कात्री घेऊन घोडीचे केस कापत होते. पाठीचे कापून झाले होते, पोटाचे चालले होते. मिरग दोन-तीन दिवसांवर आला होता, ऊन अजून जराही उतरलं नव्हतं, आणि या बाईच्या अंगावर पौषात असावेत तसे दोन-दोन बोटं लांब केस. मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा कापले होते, ते पुन्हा वाढले होते. पायाशी पांढऱ्या केसांचा ढीग पडला होता आणि घोडी एक मागचा पाय सैल सोडून, न्हाव्यापुढे बसलेल्या माणसासारखे डोळे मिटून उभी होती.

दहा वाजता व्यापारी येणार होता. तो घोडी घेऊन जाणार की रिकाम्या हाताने परत जाणार, हे माझ्या नवऱ्याने ठरवायचं होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत तरी तो काही बोलला नव्हता. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, ओट्यावर बसून खराऱ्याच्या दातांतले केस काढत होते. त्या खराऱ्यात एकही केस नव्हता.

आमचं घर हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावात, मोठ्या रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र, मागे पत्र्याखाली घोडीचं ठाण. घोडी आमच्याकडे आली १९८९ साली, तीन वर्षांची असताना. त्याच वर्षी मी दुसऱ्यांदा बाळंत झाले, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. लग्नाला घोडी द्यायचा धंदा मामांचा. नव्वद ते दोन हजार या दहा वर्षांत आमच्या भोवतालच्या गावांत जो नवरदेव झाला तो बहुतेक हिच्याच पाठीवर बसून झाला. मारुतीला जाणारा नवरदेव, विहारात जाणारा नवरदेव, तांड्यावरचा नवरदेव, सगळे तिने सारख्याच तोऱ्यात वाहिले. बँड वाजला की ती पुढचे पाय आळीपाळीने उचलायची आणि मामा लगाम धरून असे चालायचे की नवरदेव तेच आहेत. माझ्याकडे काम झुलीचं. दर दोन वर्षांनी मी नवी झूल शिवायची, लाल मखमलीवर जर. पहिली झूल शिवली तेव्हा मापं घ्यायला गेले आणि तिने माझी टेप खाल्ली. अर्धी परत मिळाली.

घोडी गेली असती तर माझं काय अडलं असतं, असा प्रश्न मला तेव्हा एका शेजारणीने विचारला होता. माझं उत्तर साधं होतं. घोडी गेली की मामा दिवसभर माझ्या मशीनजवळ बसतील आणि कोणता ब्लाउज कसा कापायचा ते मला सांगतील. त्यांना दुसरं काही काम येत नव्हतं आणि नुसतं बसायचीही सवय नव्हती. पहाटे उठून खरारा, चारा, पाणी, मग लगामाचं पितळ घासणं. त्यांचा दिवस तिच्या अंगावरून सुरू व्हायचा. बहात्तराव्या वर्षी असा माणूस रिकामा करू नये, एवढं मला कळत होतं.

तहानेची गोष्ट सुरू झाली २००२ च्या दिवाळीनंतर. ठाण सारखं ओलं. मामा सकाळी कोरडी माती टाकायचे, दुपारपर्यंत चिखल. आधी चार बादल्या पिणारी घोडी सहा प्यायला लागली, मग आठ. मामा म्हणायचे उष्णता झाली. सब्जा झाला, बार्ली झाली, थंडीत उष्णता कशी होते हे मी विचारलं तर म्हणाले, घोड्याची उष्णता वेगळी असते. संक्रांत गेली, शिमगा आला, बाकीची जनावरं केस टाकून गुळगुळीत झाली आणि हिचे वाढतच राहिले. पाठीचा कणा वर आला, पोट खाली लोंबलं. म्हातारपण, मामा म्हणाले. म्हातारपणात केस गळतात, असं मी त्यांच्याच टकलाकडे पाहून म्हणाले, आणि दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

फाल्गुनातल्या एका लग्नात फजिती झाली. मांडवाच्या दारात मुलीकडच्या बायकांनी मोठी रांगोळी काढली होती, मोर-बीर असलेली. नवरदेव उतरायच्या आधी घोडी त्या मोरावर उभी राहिली, पाय फाकवले आणि मोकळी झाली. किती वेळ ते मी सांगत नाही. बँडवाल्याचं एक कडवं पूर्ण झालं. मुलीच्या आत्याचा शालू भिजला. मामा घरी आले ते खाली मान घालून, आणि पुढच्या लग्नाला असं होता कामा नये म्हणाले.

उपाय मी सुचवला. लपवण्यात अर्थ नाही, ती अक्कल माझी होती. लेकरांना घेऊन एसटीने माहेरी जायचं असलं की आम्ही बायका काय करतो? सकाळपासून त्यांना पाणी देत नाही. रस्त्यात गाडी थांबत नाही, कंडक्टर बोलतो, म्हणून लेकरू कोरडं ठेवायचं. तेच मी घोडीला लावलं. मामांना पटलं. माझा नवरा हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक, त्यालाही पटलं, कारण लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून शेतातल्या बोअरवरून सायकलला कॅन अडकवून पाणी तोच आणायचा आणि एक दिवस तरी त्याच्या खेपा वाचणार होत्या.

एप्रिलच्या मध्याला हट्टा गावातलं एक लग्न होतं. आदल्या दुपारपासून घोडीला पाणी बंद. दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढवताना ती माझ्या हाताची बोटं चाटत होती. नवरीचे ब्लाउज मी शिवले होते, म्हणून मला बोलावणं होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

नवरदेव अंगाने भरलेला, डोळ्यांवर गॉगल, कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यारीला टोचलेलं लिंबू. मारुतीचं दर्शन होऊन वरात मांडवाकडे वळली. मांडवाच्या मागे आचाऱ्याने दोन मोठे ड्रम भरून ठेवले होते, गोणपाट गुंडाळलेले, आत बर्फाच्या लाद्या. घोडीला तो बर्फ कुठून कळला देव जाणे. ती नाचायची थांबली, मान वर केली आणि सरळ बायकांच्या घोळक्यातून चालू लागली. बायका दोन्हीकडे सरल्या. मामा लगामाला लोंबकळत मागे. बँडमास्तरला वाटलं रस्ता इकडूनच आहे, म्हणून अख्खा बँड वाजत मागे. कनातीच्या दोरीखालून जाताना नवरदेव वाकला म्हणून वाचला, लिंबू मात्र गेलं. घोडीने ड्रममध्ये तोंड घातलं ते कानांपर्यंत.

बँड वाजत होता, घोडी पीत होती. आचारी झारा घेऊन उभा होता, मारावं की नाही त्याला कळत नव्हतं. वरून नवरदेव मामांना म्हणाला,

"काका, हिचं झालं की मलाबी एक गिलास द्या. सकाळपून कोनी इचारलं न्हाई."

तिथे जो हशा झाला तो नवरीपर्यंत गेला. लग्न वेळेवर लागलं. पण जेवताना लोक मामांकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होते, आणि माझ्या नवऱ्याने ताट अर्धं टाकून हात धुतले.

नवरदेवाकडच्या पाहुण्यांत हिंगोलीचे जनावरांचे डॉक्टर होते. सगळे हसत असताना हा एकच माणूस हसत नव्हता. तो ड्रममधली पाण्याची पातळी बघत होता. पंगत उठल्यावर ते घोडीजवळ आले, तिच्या पोटावरचे केस मुठीत धरून पाहिले, डोळ्यांच्या वरचे फुगीर भाग दाबले, खूर उचलले. मग मामांना विचारलं, हिला पाणी कधी दिलं होतं? मामा माझ्याकडे बघायला लागले. मी खरं ते सांगितलं, एसटीच्या लेकरासकट.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, ही जास्त पिते म्हणून जास्त मुतत नाही. जास्त मुतते म्हणून पिते. आतलं पाणी थांबतच नाही तिचं. तुम्ही वरचं तोडलं, तर उभ्या जागी कोसळेल."

हे वाक्य मी टेम्पोत घरी येईपर्यंत उलटसुलट करून पाहिलं. बरोबर होतं. मी दोऱ्याचं टोक उलट्या बाजूने ओढत होते.

घरी आल्यावर नवऱ्याने घोडी विकायचं काढलं. त्याच्या ओळखीचा एक घोड्यांचा व्यापारी होता. मिरगाच्या आधी येऊन घोडी घेऊन जा, असं त्याने त्याच संध्याकाळी फोनवर सांगूनही टाकलं. मामा उठून ठाणात गेले आणि तिथेच बसले. मी नवऱ्याला म्हणाले, मिरगाला दीड महिना आहे, तोवर मी काय करते ते बघा, आणि मग ठरवा. तो म्हणाला, बघतो. त्याच्या 'बघतो'चा अर्थ वीस वर्षांच्या संसारातही मला लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदावर घोड्याचं डोकं काढून दाखवलं. मेंदूच्या खाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते. कुठल्या रसाने शरीरात किती काम करायचं ते ती सांगते. म्हाताऱ्या घोड्यांत ती कधी कधी वाढते आणि नको तेवढे हुकूम सोडत राहते. म्हणून केस पडत नाहीत, म्हणून मांस झडतं, म्हणून तहान. साखरेचा रोग नाही ना, एवढं आधी पाहायला हवं, म्हणाले. लघवी आणा.

घोडीची लघवी आणणं हे सांगायला सोपं. मी एका काठीला तेलाचा कापलेला डबा बांधला आणि सकाळी साडेपाचपासून तिच्या मागे उभी राहिले. इतके दिवस जिथे तिथे सोडणारी ती बाई त्या दिवशी सात वाजेपर्यंत संकोचली. मामांनी शीळ घातली तेव्हा कुठे काम झालं. बाटली घेऊन मी एसटीने हिंगोलीच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं,

"पेशंटचं वय?"

"सतरा."

"लग्न झालंय?"

"तिचं न्हाई. पण लई लोकांचं लावलंय तिनं."

मग त्याने मान वर केली. साखर थोडी निघाली, फार नाही. डॉक्टर म्हणाले, मग तेच. हा रोग बरा होत नाही, सांभाळावा लागतो. त्यांनी सांगितलं ते मी पाटीवर लिहून घेतल्यासारखं डोक्यात लिहून घेतलं. पाणी कधीही रिकामं ठेवायचं नाही. कडबा तासभर पाण्यात बुडवायचा, त्यात उतरलेल्या गोडीसकट ते पाणी ओतून द्यायचं आणि मग घालायचा. गूळ बंद, भिजवलेली डाळ बंद, भरडा बंद, कारण गोड अंगात गेलं की हिचे खूर आतून सुजतील आणि मग ती चालायचीच थांबेल. नालबंदाकडून दर पाच आठवड्यांनी खूर. केस हाताने कापायचे. आणि गोळ्या. या रोगाची घोड्याची अशी गोळी इकडे मिळत नाही म्हणाले, पण माणसांच्या लेकरांना भूक लागावी म्हणून जी देतात ती काही घोड्यांना लागू पडते. रोज सकाळी वीस. पडली तर पडली, खात्री देत नाही.

मला हा डॉक्टर आवडला. खात्री देणारे मला शिवणाच्या धंद्यात पुष्कळ भेटले होते.

औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा चिठ्ठी पाहिली.

"ताई, ह्या गोळ्या लेकराला दिवसाला दोन देतेत. तुमाला लेकरं हायत तरी किती?"

मी म्हणाले, एकच आहे, पण चार पायांचं. त्यानंतर दर आठवड्याला मी दुकानात शिरले की तो आतल्या पोऱ्याला ओरडून सांगायचा, घोडीवाल्या ताई आल्या, बरण्या काढ.

वीस गोळ्या कुटून मी ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्यात भरायची, वर मीठ लावायची. पहिले चार दिवस तिने खाल्ल्या. पाचव्या दिवशी भाकरी खाल्ली आणि पूड माझ्या पदरावर फुंकली. मग मी कुटायच्या सोडून अख्ख्या घालायला लागले. तेव्हा ती एक-दोन गोळ्या बाजूला थुंकायची. त्या उचलून, पुसून परत द्यायच्या. दररोज.

पाण्याचा हिशेब मी भिंतीवर ठेवला. ठाणाच्या मागच्या मातीच्या भिंतीवर टेलरच्या निळ्या खडूने, बादलीला एक उभी रेघ, दिवसाला एक ओळ. नवरा पाणी आणायचा, म्हणून रेघ त्यालाच ओढायला लावली. पहिल्या आठवड्यात रोज नऊ, एकदा दहा. तो कॅन खाली ठेवून पाठ धरायचा आणि म्हणायचा, ही घोडी आहे का पाइपलाइन. एकदा फार वैतागला, म्हणाला निम्मंच देऊ, काय होतंय ते बघू. मी ब्लाउजला हुक लावत होते. विचारलं,

"तुमच्या गाडीचा रेडिएटर गळून राहिला तर तुमी काय करता? पानी टाकायचं बंद करता?"

"इंजन बसंल मग."

"मग हिचं काहून बसवता?"

तो सायकल घेऊन पुन्हा बोअरवर गेला.

तिसऱ्या आठवड्यात आठाच्या ओळी दिसायला लागल्या, मग सात. मामा रोज सकाळी भिंतीपुढे उभे राहून, वाचता येत नसताना, ती वाचायचे. कापलेल्या केसांखालून घोडी दिसायला लागली होती. कडब्यावर तुटून पडायची. एक दिवस रस्त्याने ट्रॅक्टरवर गाणी लावून कुणी गेलं तर जागच्या जागी पुढचे पाय उचलायला लागली. मामांनी मला मशीनवरून उठवून ते दाखवलं.

राहिलं ते गुळाचं, आणि खरी अडचण तिथेच होती. आमच्याकडे वरात निघाली की दारोदार घोडी थांबते. घरातली बाई येते, घोडीच्या पायावर पाणी घालते, हळदकुंकू लावते, आणि गूळ आणि भिजवलेली डाळ तिच्या तोंडात देते. मुलीच्या दारात तर ओंजळभर. तो घास घोडीने खाल्ला म्हणजे शकुन. पाच-पन्नास दारांचा गूळ! इतकी वर्षं तोच चालला होता आणि मामांना त्यात अभिमान होता. घोडीला घास देऊ नका असं मांडवात कोणत्या तोंडाने सांगायचं? मामा म्हणाले, तसं सांगण्यापेक्षा घोडी न नेलेली बरी. आणि मेच्या अखेरीला तांड्यावरचं लग्न त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. नवरा म्हणाला, तेवढं एक करू आणि देऊन टाकू.

मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मखमल काढली. मळणीला बैलांच्या तोंडाला मुसकं बांधतात, तसं एक मुसकं शिवलं, पण जाळीचं, तिला मोकळं श्वास घेता येईल असं, कडेने जर आणि मध्ये गोंडा. लांबून दागिनाच वाटावा. आणि झुलीला, पुढे छातीवर, लाल मखमलीची मोठी झोळी शिवली. अस्तर दुहेरी घातलं, ओल्या डाळीने डाग पडू नये म्हणून. मामांनी मुसकं हातात घेऊन पाहिलं आणि मला विचारलं, बायका विचारतील तेव्हा काय सांगू. मी म्हणाले, तुम्ही काही सांगू नका, मी येते.

तांड्यावर मी वरातीत घोडीबरोबर चालले. बायका सहसा चालत नाहीत, पण मला तेव्हा चव्वेचाळीसावं लागलं होतं आणि कोण काय म्हणेल ही भीती वयाने आपोआप कमी होते. पहिल्याच दारात नवरदेवाची आजी उभी होती, हातात गुळाचं ताट, अंगावर आरसे लावलेली काचोळी, म्हणजे तांड्यावरच्या बायकांची चोळी. तिने मुसकं पाहिलं आणि ताट खाली घेतलं.

"तोंड बांधून आनली व्हय घोडी? माझ्या नातवाच्या लग्नात उपाशी?"

बँड थांबला. मामांचा हात लगामावर घट्ट झाला. मी पुढे झाले.

"उपाशी न्हाई, आजी. डॉक्टरनं गोड बंद केलंय तिचं. लग्नाच्या दारात सवाशीण आली तर तिच्या तोंडात घालता का वटीत?"

म्हातारीने घोडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. झोळी उलटून अस्तर पाहिलं, टाके पाहिले. शिवणाऱ्या बाईची नजर होती ती, मला कळली. मग म्हणाली, "टाका बराबर हाय." आणि गूळ, डाळ, वर एक खारीक, असं सगळं झोळीत घातलं, घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मागच्या बायकांना सांगितलं, "चला गं, वटी भरा हिची. बाईच हाय की ती बी."

मग काय विचारता. कुणी हळकुंड आणलं, कुणी खण, एकीने नारळ घातला तेव्हा घोडीची मान खाली गेली. मामा मागे वळून वळून झोळी बघत होते. मांडवाच्या मागे मी आधीच सांगून दोन बादल्या ठेवल्या होत्या. मांडवाच्या दारात नेण्याआधी तिला तिकडे वळवलं, मुसकं काढून पाजलं, आणि आडोशाला मोकळं होऊ दिलं. रांगोळी शाबूत राहिली. निघताना त्या आजीने स्वतःच्या काचोळीवरचे दोन आरसे उसवून मला दिले, मुसक्याला लाव म्हणाली. लावले. पुढे घोडी आणखी चार वर्षं जगली आणि आमच्या भागात तिची ओटीच भरत राहिले. आता दुसऱ्यांच्या घोड्यांचीही भरतात. परवा एका लग्नात एक पोरगी मला समजावून सांगत होती की ही फार जुनी चाल आहे. मी मान हलवली.

तांड्यावरचा तो गूळ शेजारच्या लेकरांनी आठवडाभर खाल्ला.

तर ५ जूनला दहा वाजता व्यापारी आला. केस कापून झाले होते. मी हात धुतले आणि चहा टाकला. व्यापारी जाणता माणूस होता. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, तिला चार पावलं चालवलं. कापलेल्या केसांत ती खरंच तकतकीत दिसत होती. मामा ओट्यावरून उठले नाहीत.

"घोडी बराबर हाय. कुछ खोड?" व्यापाऱ्याने विचारलं.

माझ्या नवऱ्याने घसा साफ केला. मला वाटलं आता म्हणेल, नाही. पण तो सांगायला लागला. खोड नाही, तकलीफ आहे. रोज सकाळी उन्हं यायच्या आत वीस गोळ्या, भाकरीतून, मीठ लावून. कुटायच्या नाहीत, फुंकते. थुंकलेल्या परत द्यायच्या. कडबा तासभर भिजवायचा आणि ते पाणी फेकायचं. गूळ नाही, डाळ नाही. खूर पाच आठवड्यांनी. केस महिन्याने. पाण्याची बादली एक मिनिट रिकामी नाही. तो बोटांवर मोजत एकेक सांगत होता, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. दीड महिना हा माणूस पाणी आणून ठेवायचा आणि पाठ धरून निघून जायचा. त्याने हे सगळं कधी ऐकलं, मला ठाऊक नाही. एकही गोष्ट राहिली नाही.

व्यापारी हसला. म्हणाला, एवढं कोण करणार, पाणी तोडलं की दोन दिवसांत जागेवर येईल, असे घोडे त्याने पुष्कळ पाहिलेत.

नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. मग तो शांतपणे म्हणाला,

"रेडिएटर गळतो म्हनून पानी टाकायचं बंद केलं, तर इंजन बसतं. न्हाई, राहू द्या. घोडी द्यायची न्हाई."

ते वाक्य माझं होतं. मी चहात साखर घातली.

व्यापाऱ्याला राग आला नाही. असे घोडेवाले रोज भेटतात म्हणाला, चहा घेतला, जाताना झोळी पाहिली आणि ही काय भानगड म्हणून विचारलं. मामांनी त्याला सगळी गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, हट्ट्याच्या ड्रमापासून. दोन बसेस चुकल्या त्याच्या. गोष्टीत मुसक्याची कल्पना मामांचीच होती. तेही मी चालू दिलं. दुपारी ते जेवले, तीन भाकरी, आणि ठाणात जाऊन तिथल्याच बाजेवर झोपले.

संध्याकाळी नवऱ्याने पाणी आणलं आणि त्या दिवसाची शेवटची रेघ ओढली. सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचला उठले. कडबा भिजत घातला, भाकरी थापली, वीस गोळ्या मोजून भरल्या. तिने एक थुंकली. मी ती उचलली, पदराला पुसली, परत दिली. भिंतीवरची जागा संपली होती, म्हणून खडू घेतला आणि शेजारच्या कोऱ्या भिंतीवर पहिल्या बादलीची रेघ ओढली.